बीपीएडचा पगार, बीपीएडचे कर्ज

शारीरिक शिक्षणाच्या पदवीधराची कमाई त्याच्या पदवीवरून सांगता येत नाही. एकाच महाविद्यालयातून, एकाच वर्षी, सारख्याच गुणांनी बीपीएड झालेले तिघे घेतले, तर पहिला अनुदानित माध्यमिक शाळेत नियमित वेतनश्रेणीवर असतो, दुसरा अंशतः अनुदानित शाळेत तेच काम पाचव्या हिश्श्याच्या पगारावर करतो आणि तिसरा शहरातल्या जिममध्ये सकाळ-संध्याकाळ उभा राहून गिऱ्हाईक मिळेल तसे पैसे मिळवतो. तिघांच्या शिट्टीत, मैदान आखण्यात, मुलांकडून कवायत करून घेण्यात फरक नसतो. फरक असतो तो पदाचा. कर्जाचा हप्ता मात्र तिघांना सारखाच येतो, कारण बँक पदवीच्या खर्चावर कर्ज देते, पदावर नाही. महाराष्ट्रातील शारीरिक शिक्षणाचे अर्थकारण समजून घेताना हे आधी लक्षात घ्यावे लागते.

भारतात या शिक्षणाला शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. बक स्वतः अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण संस्थेतून शिकून आले होते; जेम्स नाइस्मिथ यांनी १८९१ मध्ये बास्केटबॉलचा खेळ बसवला तो याच संस्थेत. मुंबई इलाख्याने १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था काढली आणि ग्वाल्हेरचे लक्ष्मीबाई महाविद्यालय १८५७ च्या शताब्दीचे औचित्य साधून १९५७ मध्ये सुरू झाले. यांतील प्रशिक्षण संस्थांचा मुख्य हेतू शाळांना शिक्षक पुरवणे हा होता. पदवीची रचना, तिचा अभ्यासक्रम आणि तिच्याभोवतीची अपेक्षा त्या एका नोकरीसाठी घडलेली आहे. आज शिकणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती नोकरी मिळणार नसली, तरी अपेक्षा तीच आहे.

पूर्वी बीपीएड एका वर्षाचे होते. बीए किंवा बीकॉम झाल्यावर एक वर्ष काढले की माणूस शिक्षक व्हायला मोकळा असे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी ते दोन वर्षांचे, चार सत्रांचे केले. दर्जाच्या दृष्टीने या बदलाचे समर्थन करता येते: शरीररचना, क्रीडा मानसशास्त्र, दुखापतींवरील प्रथमोपचार, शाळेतील प्रत्यक्ष पाठ हे सारे एका वर्षात नीट बसत नव्हते. पण खर्चाच्या बाजूने पाहिले, तर एका वर्षाचे शुल्क, वसतिगृह आणि खाणावळ वाढली, शिवाय त्या वर्षात कमावता आले असते ते उत्पन्नही गेले. समोरचा पगार मात्र त्यामुळे एका रुपयानेही वाढला नाही. बारावीनंतर तीन वर्षांची पदवी, त्यावर दोन वर्षांचे बीपीएड आणि हवे असल्यास दोन वर्षांचे एमपीएड अशी ही सात वर्षांची वाट आहे. प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा असते आणि तिच्यात लेखी परीक्षेसोबत मैदानी चाचणीही द्यावी लागते.

या अभ्यासक्रमाच्या खर्चाचे काही भाग शुल्काच्या पावतीवर दिसत नाहीत. चांगले बूट वर्षभरही टिकत नाहीत. सकाळी पाचला मैदानावर उतरणाऱ्या मुलाचा खुराक इतर विद्यार्थ्यांपेक्षा जास्त असतो. दूध, अंडी, कडधान्य यांचा खर्च खाणावळीच्या मासिक दरात बसत नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा प्रवास, शिबिरे, गणवेश यांचा खर्च वेगळा. गुडघा किंवा खांदा दुखावला तर उपचार घरच्या पैशाने करावे लागतात आणि सत्र वाया जाण्याची भीतीही असते. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, त्यामुळे शुल्काला काही धरबंध आहे. राहण्या-खाण्याच्या खर्चाला तो नाही.

शिष्यवृत्त्यांनी या ओझ्यातला मोठा वाटा उचलला आहे, हे नोंदवले पाहिजे. अनुसूचित जातीच्या, वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांचे निम्मे शिक्षण शुल्क भरते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी संपूर्ण शुल्कमाफी जाहीर झाली. मात्र शिष्यवृत्तीची रक्कम वर्षाच्या शेवटी किंवा त्याहूनही उशिरा जमा होते आणि महाविद्यालयाला पैसे आधी हवे असतात. मधल्या काळासाठी घरातले दागिने गहाण पडतात, गावच्या पतसंस्थेतून उचल घेतली जाते. ही रक्कम शैक्षणिक कर्ज म्हणून कुठल्याच नोंदीत येत नाही, तिचे व्याज मात्र बँकेच्या व्याजापेक्षा चढे असते.

पगाराच्या बाजूला सर्वांत वर नियमित वेतनश्रेणी आहे. सातव्या वेतन आयोगानुसार राज्यातील माध्यमिक शाळेच्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाची श्रेणी ३८,६०० ते १,२२,८०० रुपये आहे. जानेवारी २०२५ पासूनच्या ५५ टक्के महागाई भत्त्यासह सुरुवातीचा आकडा घरभाडे भत्ता धरण्याआधीच ५९,८०० रुपयांच्या पुढे जातो. केंद्रीय विद्यालये आणि नवोदय विद्यालयांत शारीरिक शिक्षण शिक्षकाचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कुटुंबासाठी ही भक्कम कमाई आहे. पीटीच्या सरांनी घर बांधले, मुलांना शिकवले, बहिणींची लग्ने केली, हे आधीच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे, आणि आजचे प्रवेश त्याच चित्रावर होतात.

त्या पदांपर्यंतची वाट मात्र गेल्या दीड दशकात फार अरुंद झाली आहे. पहिले कारण कायद्यातच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी शिक्षकांचे निकष दिले आहेत. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी शिक्षक नेमणे बंधनकारक आहे. कला, कार्यशिक्षण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांसाठी मात्र अंशकालीन निदेशक, आणि तेही पट शंभरापेक्षा जास्त असेल तरच. खेड्यातील असंख्य शाळांत या तीन इयत्तांचा मिळून पट शंभराच्या जवळपासही जात नाही. जिथे जातो, तिथेही कायदा पूर्णवेळ शिक्षकाचा आग्रह धरत नाही. मुलांच्या शिक्षणाला हक्काचे रूप देणाऱ्या कायद्याने मैदानावरच्या शिक्षकाला अर्धवेळ ठरवले, ही त्यातली मोठी उणीव आहे. उत्तर प्रदेशात याच तरतुदीखाली २०१३ मध्ये महिना ७,००० रुपयांवर निदेशक नेमले गेले आणि २०२२ मध्ये ते मानधन ९,००० झाले. १७,००० रुपयांच्या त्यांच्या मागणीचा वाद न्यायालयांत वर्षानुवर्षे चालला.

दुसरे कारण भरतीबंदी. महाराष्ट्रात अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन होईपर्यंत नवी नेमणूक नको म्हणून २ मे २०१२ रोजी शासनाने भरती थांबवली. पुढे शिक्षक भरतीसाठी अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आले. पहिली चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी थेट २०२३ मध्ये. वर्षानुवर्षे बंद राहणाऱ्या दारासमोर दरवर्षी नवे पदवीधर येऊन उभे राहतात. पोर्टलवरील जाहिरातींत गणित, विज्ञान, इंग्रजी यांच्या मानाने शारीरिक शिक्षणाची पदे मोजकी असतात. तिसरे कारण संचमान्यता. शाळेत किती शिक्षक असावेत हे पटसंख्येवरून दरवर्षी ठरते. पट घसरला की पद जाते, आणि पद कमी करायची वेळ आली की मुख्याध्यापकाचे लक्ष विज्ञानाच्या शिक्षकाआधी क्रीडाशिक्षकावर जाते. तो निवृत्त झाला की त्याच्या तासिका इतर शिक्षकांत वाटल्या जातात. वेळापत्रकात ‘शा. शि.’ असे लिहिलेले राहते आणि त्या तासाला गणिताचा उरलेला भाग पूर्ण केला जातो.

नेमणूक मिळाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. ही योजना २००० साली आली. अनेक वर्षे माध्यमिक शिक्षण सेवकाचे मानधन ८,००० रुपयांवर अडकले होते; १ जानेवारी २०२३ पासून ते १८,००० झाले. प्राथमिकला १६,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये मिळतात. ३८,६०० ची श्रेणी तीन वर्षांनंतर लागते. कर्जाचा हप्ता मात्र नेमका याच काळात सुरू झालेला असतो.

अंशतः अनुदानित शाळांची स्थिती आणखी बिकट आहे. ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून मान्यता मिळालेल्या शाळांच्या मान्यतेतून ‘कायम’ हा शब्द वगळल्यानंतर अनुदान टप्प्याटप्प्याने सुरू झाले. २०१६ मध्ये २० टक्के, पुढे ४०, मग ६०. वीस टक्के टप्प्यावरच्या शाळेतील शिक्षकाला शासनाकडून पूर्ण पगाराचा पाचवा हिस्सा मिळतो. वरच्या हिशेबाने सुमारे बारा हजार रुपये. उरलेले पैसे संस्थेने द्यायचे असतात. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा वेतनाचे दायित्व संस्थेवर टाकतो. प्रत्यक्षात बहुतेक संस्था ते देत नाहीत, आणि सहीसाठी पुढे येणारे कागद शिक्षक मुकाट्याने सही करून परत देतो, कारण पुढचा टप्पा मिळेल या आशेवर त्याचे आयुष्य टांगलेले असते. मुंबईच्या आझाद मैदानावर वर्षानुवर्षे बसणाऱ्या शिक्षकांमध्ये असे शिक्षक मोठ्या संख्येने असतात. वयाची चाळिशी गाठेपर्यंत पूर्ण पगार न पाहिलेली माणसे या व्यवस्थेत आहेत.

इथेच या विषयातील सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी बोलले जाणारे कर्ज येते. खासगी संस्थेत पद मिळवण्यासाठी द्यावी लागणारी रक्कम, जिला गावोगावी सरळ ‘डोनेशन’ म्हणतात, ती शिक्षणाच्या एकूण खर्चाच्या कित्येक पट असते. तिच्यासाठी शेत विकले जाते किंवा गहाण पडते, सासरकडून पैसे घेतले जातात, सावकाराचे दार ठोठावले जाते. बँकेच्या कर्जाला निदान परतफेडीचे वेळापत्रक असते. या कर्जाला पावतीही नसते आणि पद मंजूर झाले नाही तर पैसे परत मागण्याची सोयही नसते. शिक्षकांच्या पगाराच्या ‘शालार्थ’ प्रणालीचे बनावट क्रमांक मिळवून शिक्षकांची नावे पगारपत्रकात घातल्याचा घोटाळा २०२५ मध्ये नागपूर विभागात उघडकीस आला, शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांना अटका झाल्या, आणि पदाला बाजारात काय किंमत आहे हे सर्वांसमोर आले. पदवीधराच्या कर्जाचा विचार फक्त शैक्षणिक कर्जापुरता करणे म्हणजे या भागाकडे पाठ फिरवणे होय.

महाविद्यालयातील ‘संचालक, शारीरिक शिक्षण’ हे या क्षेत्रातले सर्वांत चांगल्या पगाराचे पद. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या श्रेणीनुसार त्याचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून, म्हणजे सहायक प्राध्यापकाइतकेच असते. त्यासाठी पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के गुण, नेट किंवा सेट अथवा पीएचडी आणि खेळातील कामगिरी लागते. २०१८ च्या विनियमांनुसार शारीरिक क्षमतेची चाचणीही द्यावी लागते: तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने बारा मिनिटांत १,८०० मीटर आणि स्त्री उमेदवाराने आठ मिनिटांत १,००० मीटर अंतर पार करायचे. चाळीस ते पंचेचाळीस वयाच्या पुरुषाला १,२०० मीटर पुरतात. भरती इतक्या वर्षांनी होते, की वयानुसार उतरत जाणाऱ्या या अंतरांच्या तक्त्याचा उमेदवारांना खरोखर उपयोग होतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्याने अनुदानित महाविद्यालयांतील ४,७३८ पदे भरायला मान्यता दिली. त्यांत शारीरिक शिक्षण संचालकांची पदे होती १३९. संपूर्ण महाराष्ट्रातील एमपीएड आणि नेट झालेल्यांसाठी हा आकडा काय ठरतो, ते वेगळे सांगायला नको. बाकीचे तासिका तत्त्वावर काम करतात किंवा एमपीएड असूनही शाळेच्या दारात परत येतात.

शाळा-महाविद्यालयांबाहेर उत्पन्नाचे मार्ग आहेत आणि ते वाढत आहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१८-१९ पासून नववी ते बारावीला आरोग्य व शारीरिक शिक्षण सक्तीचे केले, त्यामुळे शहरी खासगी शाळांत क्रीडाशिक्षकांची मागणी टिकून आहे. तिथला पगार करारावर ठरतो आणि अकरा महिन्यांनी पुन्हा ठरतो. जिल्ह्या-तालुक्याच्या ठिकाणी पोलीस भरती आणि सैन्य भरतीच्या अकॅडम्या उभ्या राहिल्या आहेत. पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १,६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक मिळून ५० गुण असतात. ते गुण मिळवून देणारा प्रशिक्षक बहुतेकदा बीपीएडच असतो. जाहिरात निघाली की अकॅडमी भरते, भरती संपली की रिकामी होते. या उत्पन्नाला हंगाम असतो.

जिमचा धंदा मोठा दिसतो, पण त्यात पदवीची किंमत कमी आहे. मालकाला प्रशिक्षकाच्या पदवीची कायदेशीर गरज नाही. राष्ट्रीय कौशल्य चौकटीतील काही महिन्यांचा फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम किंवा एखाद्या खासगी संस्थेचे प्रमाणपत्र असलेला मुलगा पाच वर्षे शिकलेल्या पदवीधराशेजारी त्याच पगारावर उभा असतो. उत्पन्नाचा मोठा भाग ठरावीक पगारातून येत नाही, पर्सनल ट्रेनिंगच्या शुल्कातील वाट्यातून येतो. म्हणजे कमाई पुणे-मुंबईच्या कोणत्या उपनगरात काम मिळाले, गिऱ्हाइकांशी बोलणे कसे जमते आणि प्रशिक्षकाची स्वतःची शरीरयष्टी कशी आहे यांवर ठरते. तिशीत हे चांगले चालते. पन्नाशीत काय, याचे उत्तर या व्यवसायाने अजून तयार केलेले नाही. भविष्य निर्वाह निधी आणि वैद्यकीय विमा असलेले प्रशिक्षक थोडे आहेत. कोविडच्या काळात राज्यातील जिम मार्च २०२० मध्ये बंद झाल्या, त्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडल्या. सात महिने उत्पन्न शून्य होते. त्याआधीच, २०१० मध्ये शेअर बाजारात नोंद झालेल्या आणि घराघरांत माहीत असलेल्या ‘तळवलकर’ या साखळीची देणी २०१९ मध्ये थकली होती. नाव जुने आणि मोठे असले म्हणून नोकरी पक्की राहतेच असे नाही.

आता कर्जाकडे वळता येईल. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार पुरतो आणि त्यापुढे तारण द्यावे लागते. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता माफ असतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू राहते. बीपीएडचे कर्ज सहसा चार लाखांच्या आत बसते. ते लहान असते म्हणून निरुपद्रवी आहे, असा समज मात्र खरा नाही.

दरवर्षी एक लाख याप्रमाणे दोन लाखांचे कर्ज आणि दहा टक्के व्याजदर धरला, तर हप्ता सुरू होताना पहिल्या लाखावर तीन वर्षांचे आणि दुसऱ्यावर दोन वर्षांचे मिळून पन्नास हजार सरळव्याज झालेले असते. अडीच लाखांची फेड सात वर्षांत करायची तर महिन्याला सुमारे ४,१५० रुपयांचा हप्ता पडतो. एकूण परतफेड साडेतीन लाखांच्या घरात जाते. नियमित श्रेणीतल्या शिक्षकाच्या भत्त्यासह पगारात हा हप्ता सात टक्के आहे. तो जाणवतही नाही. शिक्षण सेवकाच्या १८,००० मध्ये तो तेवीस टक्के होतो. वीस टक्के अनुदानावरच्या शिक्षकाच्या बारा हजारांत तो एक तृतीयांशाहून अधिक होतो, आणि तिथे घरभाडे, किराणा, आई-वडिलांची औषधे यांपैकी काहीतरी अडते. हप्ते थकले की पतनोंद बिघडते आणि दहा वर्षांनी घरासाठी कर्ज मागताना ती नोंद आडवी येते.

मदतीच्या योजना आहेत, पण या विद्यार्थ्यांपर्यंत त्या अर्ध्याच पोचतात. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठीची केंद्राची व्याज अनुदान योजना २०१८ पासून मूल्यांकनप्राप्त संस्थांपुरती मर्यादित झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत देते. पण ती देशातील निवडक संस्थांसाठी (सुरुवातीला ८६०) आहे. ग्रामीण भागातील छोटे शारीरिक शिक्षण महाविद्यालय अशा यादीत सापडणे कठीण. आयकराच्या ८०-ई कलमाखाली व्याजाची वजावट मिळते, पण ती जुन्या करप्रणालीत, आणि ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही त्याला तिचा उपयोग शून्य. ज्यांचा पगार कमी, त्यांच्यासाठी कमी आणि ज्यांचा बरा, त्यांच्यासाठी जास्त, अशी ही मदतीची उलटी उतरंड आहे.

अमेरिकेशी तुलना इथे उपयोगी पडते, कारण तिथे हा हिशेब उघड्यावर मांडला जातो. सप्टेंबर २०१५ पासून तेथील शिक्षण खाते ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ हे संकेतस्थळ चालवते आणि २०१९ पासून त्यावर प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रत्येक अभ्यासक्रमाची माहिती येते: संघीय मदत घेतलेल्या पदवीधरांचे मध्यक कर्ज किती आणि पुढे त्यांची मध्यक कमाई किती. मध्यक म्हणजे निम्म्यांना त्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी मिळते तो आकडा. कमाईचे आकडे करनोंदींवरून घेतलेले असल्याने महाविद्यालयाला ते फुगवता येत नाहीत.

तिथली परिस्थितीही फार सुखाची नाही. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला संघीय कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे दरवर्षी ७,५०० डॉलरपर्यंत मिळते. चार वर्षांत २७,०००. २०२५-२६ च्या ६.३९ टक्के दराने दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ३०५ डॉलर. फिटनेस ट्रेनरची मध्यक कमाई २०२४ मध्ये वर्षाला सुमारे ४६,००० डॉलर होती, म्हणजे हप्ता उत्पन्नाच्या आठ टक्के. हा आठ टक्क्यांचा आकडा योगायोगाने महत्त्वाचा आहे: रोजगारासाठीच्या अभ्यासक्रमांना लावलेल्या तिथल्या कसोटीत वार्षिक हप्ता वार्षिक कमाईच्या आठ टक्क्यांच्या आत असावा असे धरले आहे. शाळेत नोकरी मिळालेला पदवीधर सुस्थितीत असतो. माध्यमिक शिक्षकाची मध्यक कमाई ६४ हजारांच्या पुढे आहे आणि क्रीडाशिक्षक त्याच वेतनपत्रकावर असतो. गरीब वस्तीतील शाळेत पाच वर्षे शिकवणाऱ्याचे कर्ज अंशतः माफ होते, पण तिथेही विषयांची उतरंड आहे: माध्यमिक गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकाला १७,५०० डॉलरपर्यंत, क्रीडाशिक्षकाला ५,००० पर्यंत. खेळाडूंच्या दुखापती सांभाळणाऱ्या ॲथलेटिक ट्रेनरच्या पदवी अभ्यासक्रमांतील प्रवेश २०२२ नंतर बंद झाले, आता त्या व्यवसायात शिरायला पदव्युत्तर पदवी लागते. शिक्षण लांबले, कर्ज वाढले आणि पगार साठ हजारांच्या आसपासच राहिला. महाराष्ट्रात बीपीएडच्या दुसऱ्या वर्षाने जे झाले, त्याचेच हे मोठे रूप आहे. २०२५ च्या कायद्याने तिथे आणखी एक पाऊल टाकले: पदवीधरांची मध्यक कमाई केवळ शालेय शिक्षण घेतलेल्यांच्या कमाईपेक्षा तीनपैकी दोन वर्षे कमी राहिली, तर त्या अभ्यासक्रमाचे संघीय कर्ज बंद होते.

महाराष्ट्रात असा एकही आकडा विद्यार्थ्याला प्रवेशाआधी मिळत नाही. शुल्क नियामक प्राधिकरणाकडे महाविद्यालयांच्या खर्चाचे हिशेब येतात, सीईटी कक्षाकडे प्रत्येक प्रवेशाची नोंद असते, शालार्थ प्रणालीत प्रत्येक शिक्षकाचा पगार असतो आणि शैक्षणिक कर्जांच्या नोंदी बँकांकडे असतात. या चार ठिकाणची माहिती एकत्र आणून, नावे वगळून, प्रत्येक बीपीएड महाविद्यालयापुढे दोन आकडे छापणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही: पाच वर्षांपूर्वी पास झालेल्यांपैकी किती जण मान्य पदावर आहेत, आणि बाकीच्यांचे काय. ते छापले जात नाहीत तोवर माहितीपुस्तिकेतील ‘शंभर टक्के नोकरीची संधी’ या ओळीला उत्तर देणारे काही विद्यार्थ्याच्या हाती नसते.

तोवर हिशेब घरीच करावा लागेल. आठ टक्क्यांची कसोटी लावली, तर दोन लाखांच्या कर्जाचा ४,१५० रुपयांचा हप्ता पेलायला महिन्याला ५२,००० रुपयांची कमाई हवी, आणि ती फक्त नियमित श्रेणीच्या पदावर मिळते. म्हणून बीपीएडला प्रवेश घेणाऱ्या मुलाने आणि त्याच्या पालकांनी कर्जाचा अर्ज भरताना ३८,६०० ची श्रेणी डोळ्यांसमोर ठेवू नये. शिक्षण सेवकाचे १८,००० धरावेत आणि त्यातून घर चालवून हप्ता निघतो का ते पाहावे. निघत नसेल तर अनुदानित महाविद्यालयातील जागेसाठी एक वर्ष थांबणे परवडते. नोकरीसाठी डोनेशन द्यायला शेत गहाण टाकणे मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाही.